संत्र्याच्या सालीचे उटणे घरी करताना: क्रम, प्रमाण आणि नेहमीच्या चुका

हिवाळा लागला की नागपुरात अनेक घरांच्या गच्चीवर संत्र्याची साले वाळत पडलेली दिसतात, आणि पुढच्या महिन्या-दीड महिन्यात ओळखीचे कोणीतरी हमखास विचारते की उटणे तर घरचेच होते, त्यात बाहेरचे काहीच नव्हते, तरी चेहरा लाल का झाला. चौकशी केली की दोष बहुधा घटकांत सापडत नाही. साल पुरती वाळलेली नसते, पूड जाडसर राहिलेली असते, प्रमाण अंदाजाने घेतलेले असते, किंवा उटणे चेहऱ्यावर खडखडीत वाळू देऊन मग चोळून काढलेले असते. शिवाय जे झाडाचे ते निरुपद्रवी, हा समज फार पक्का आहे. बिब्बाही झाडालाच येतो, आणि त्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात, हे विदर्भात तरी कोणाला सांगावे लागू नये.

खालील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. साल सोलण्यापासून उटणे चेहऱ्याला लागेपर्यंत साधारण अडीच ते तीन आठवडे जातात. लग्न चार दिवसांवर आले असेल, तर या वेळी हा प्रयोग करू नये.

१. साहित्य जमवण्याआधी त्वचा पाहावी

संध्याकाळी चेहरा साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यावा आणि काहीही न लावता तासभर थांबावे. तासाभराने संपूर्ण चेहरा ओढल्यासारखा वाटत असेल, तर त्वचा कोरडी समजावी. पातळ टिश्यू पेपर कपाळावर, नाकावर आणि गालांवर वेगवेगळा दाबून पाहावा: फक्त कपाळ व नाक यांवर तेलाचा डाग उठला तर त्वचा मिश्र, गालांवरही उठला तर तेलकट. ही तपासणी वर्षातून एकदा करून भागत नाही, कारण जानेवारीत कोरडी ठरलेली त्वचा मे महिन्यात घाम आणि तेल यांमुळे पुष्कळदा निराळीच वागते.

पू धरलेले पुरळ, इसब, उघडी जखम किंवा भाजलेली जागा असेल तर साल, हळद आणि पीठ यांपैकी काहीही तेथे लावू नये. मुरुमांसाठी ॲडापलिन, ट्रेटिनॉइन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड असलेले मलम चालू असेल, अथवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्वचा आधीच नाजूक झालेली असते. तिच्यावर उटण्याचे घर्षण नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच किंवा दाढी केल्यानंतर किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. तान्ह्या बाळाला साल घातलेले उटणे लावू नये, मग घरातील वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

२. फळ निवडणे आणि धुणे

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. उटण्यासाठी दोन्ही चालतात; माझी पसंती मृगाच्या फळाला आहे, ती केवळ त्या दिवसांत साल लवकर वाळते म्हणून.

आपण फळाचा गर खातो तेव्हा साल फेकून देतो, त्यामुळे फवारणीचा विचार सहसा करत नाही. येथे मात्र सालच वापरायची असल्याने तो करावाच लागतो, कारण फवारलेल्या औषधाचा अंश असलाच तर तो मुख्यतः सालीवर असतो. काटोल-नरखेडकडे ओळखीचा बागायतदार असेल तर शेवटची फवारणी केव्हा झाली हे विचारून, रासायनिक औषध न मारलेल्या झाडांची फळे मागून घ्यावीत. बाजारातून घेताना फार चकचकीत फळ टाळावे. साल नखाने हलकेच खरवडल्यावर नखात पांढरट, मेणचट थर आला तर त्या फळावर मेण चढवलेले आहे. ते खावे, पण त्याची साल उटण्याला घेऊ नये.

धुवायचे ते अख्खे फळ, सोललेली साल नव्हे. वाहत्या कोमट पाण्याखाली प्रत्येक फळ हाताने अर्धा मिनिट चोळावे आणि कोरड्या सुती कापडाने पुसावे. साबण लावू नये. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने सर्व अंश निघून जातो अशी खात्री बाळगू नये.

सोलल्यानंतर सालीच्या आतील जाड पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून काढावा, कारण पाणी धरून ठेवतो तो हाच भाग. मग बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. किलोभर फळांच्या सालींची पूड फार तर पन्नास-साठ ग्रॅम भरते, परंतु एका घराला हंगामभर तेवढी पुरते.

नेहमीची चूक: रोजच्या संत्र्यांची साले चार-पाच दिवस पॉलिथिनमध्ये साठवून मग एकदम वाळत घालणे. पिशवीत त्यांना घाम सुटतो आणि बुरशी तेथेच धरते. ज्या दिवशी सोलले त्याच दिवशी वाळत घालावे. उरलेली साल खतात टाकावी.

३. वाळवणे

संपूर्ण कृतीत सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून घाई करायची नाही ती येथे.

साल सुपात किंवा बाजेवर पसरलेल्या स्वच्छ सुती कापडावर, एकमेकींना न चिकटता, एकाच थरात पसरावी. वर्तमानपत्रावर नको, कारण ओल्या सालीला शाई लागते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर नको, कारण खालून ओल जिरायला वाव राहत नाही आणि सालीची वरची बाजू कडक, खालची दमट असा प्रकार होतो. पत्र्यावर तर नकोच. मार्च-एप्रिलच्या उन्हात नागपुरातला पत्रा इतका तापतो की साल वाळण्याऐवजी भाजली जाते. वरून मलमलीचे पातळ कापड घालून कडा दगडांनी दाबाव्यात, म्हणजे धूळ आणि कबुतरे दोन्हींपासून बचाव होतो.

जागा अर्धवट सावलीची, पण वारा खेळणारी हवी. दिवसभर कडक उन्हात ठेवलेल्या सालीचा रंग उडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट सालीतील सुगंधी तेलाची आहे. त्या तेलात लिमोनिन नावाचा घटक मोठ्या प्रमाणात असतो, आणि हवेशी दीर्घकाळ संपर्क आल्यावर त्यापासून जी संयुगे बनतात, ती काही लोकांच्या त्वचेवर ॲलर्जी उठवतात. साल नाहक जास्त दिवस उघडी ठेवू नये आणि पूडही वर्षानुवर्षे वापरू नये, असा आग्रह त्यासाठीच आहे.

डिसेंबर-जानेवारीत पाच ते सात दिवस लागतात, मार्चअखेरीस दोन ते तीन पुरतात. हिवाळ्यात रोज दिवस मावळण्यापूर्वी साल घरात आणावी; रात्रभर गच्चीवर राहिलेली साल दवाने पुन्हा ओलावते, आणि पाच दिवसांचे काम दहा दिवसांवर जाते. दररोज एकदा साल उलथावी. पावसाळ्यात ही खटपट करूच नये.

तपासणी: पट्टी वाकवल्यावर कट्‌कन तुटली पाहिजे, वाकली, पण तुटली नाही, तर ती वाळलेली नाही. त्यानंतर मूठभर साल काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी काचेच्या आतल्या बाजूस धुक्यासारखा ओलावा दिसला, तर सर्व साल आणखी एक दिवस वाळवावी. ही दुसरी तपासणी बहुतेक जण गाळतात. मीही पहिल्या वर्षी गाळली होती, आणि संक्रांतीपर्यंत बरणीच्या तळाला हिरवट गाठी धरल्या होत्या.

सावधान: एखाद्या पट्टीवर काळा, हिरवा किंवा राखाडी ठिपका दिसला तर तेवढाच भाग खुडून उरलेली पट्टी ठेवू नये. ती पट्टी आणि तिला लागून असलेली साल टाकून द्यावी.

४. दळणे आणि वस्त्रगाळ करणे

मिक्सरचे भांडे कशाकशासाठी वापरले जाते हे आधी आठवावे. ज्या भांड्यात सावजी मसाला किंवा तिखट वाटले जाते, त्याच्या पात्याखाली मिरचीचा अंश धुऊनही उरतो आणि तो चेहऱ्यावर आग करतो. वेगळे भांडे असेल तर उत्तम. नसल्यास भांडे धुऊन, वाळवून, त्यात दोन मुठी कोरडे तांदूळ फिरवून ते पीठ फेकावे, आणि हे दोनदा करावे.

साल थोडी थोडी घालून, दहा-दहा सेकंद थांबत फिरवावी. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि पूड कोंदट वासाची होते. झाकण लगेच उघडू नये, कारण उडालेली पूड नाकातोंडात जाते.

पूड आधी मैद्याच्या चाळणीने चाळावी आणि मग मलमलीच्या दुपदरी कापडातून गाळावी. वस्त्रगाळ हा शब्द जुन्या पाककृतींत आणि औषधांच्या कृतींत वारंवार येतो, पण आज चाळणीवरच काम थांबते. चाळणीतून उतरलेल्या पुडीत सालीचे टोकदार कण राहतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि गालावर चोळले की बारीक ओरखडे उमटतात. पुढे त्याच ओरखड्यांवर हळद झोंबते आणि दोष हळदीला दिला जातो.

तपासणी: चिमूटभर पूड पाण्याने भिजवून मनगटाच्या आतल्या बाजूस बोटाने फिरवावी. खर लागली तर पुन्हा गाळावी. कापडावर उरलेला चोथा टाचांसाठी ठेवावा, चेहऱ्यासाठी कधीही नाही.

५. बाकीचे घटक आणि प्रमाण

साल हा उटण्याचा मुख्य घटक नाही. मुख्य घटक डाळीचे पीठ आहे. ते मळ आणि तेल धरते. माझे प्रमाण असे आहे: मसूर डाळीचे वस्त्रगाळ पीठ ८ चमचे, सालीची पूड १ चमचा आणि आंबेहळद अर्धा चमचा. त्वचा तेलकट असेल तर यात २ चमचे मुलतानी माती घालावी. कोरड्या त्वचेसाठी माती वर्ज्य समजावी, कारण ती उरलेसुरले तेलही शोषून घेते. निम्मी साल आणि निम्मे बेसन असे प्रमाण पुष्कळ घरांत चालते, आणि आग होण्याच्या तक्रारी बहुधा तेथूनच येतात.

आंबेहळद पूड न घेता हळकुंडाच्या रूपात घ्यावी आणि घरी दळावी, म्हणजे रंगाच्या भेसळीचा प्रश्न उरत नाही. नागपुरात इतवारी बाजाराच्या किराणा ओळीत किंवा काष्ठौषधींच्या दुकानात ती मिळते. डाळ सेंद्रिय हवी असेल तर पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. हे चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे, त्यामुळे डाळ घेताना ते उपयोगी पडते. तयार उटण्याच्या पाकिटावर नुसते ‘ऑरगॅनिक’ लिहिलेले असेल, तर त्या एका शब्दावर विसंबू नये, घटकांची यादी वाचावी.

दुकानदार तयार मिश्रण देत असेल तर त्यात काय काय आहे ते विचारावे. नागरमोथा, वाळा, गव्हला कचरा, गुलाबपाकळी ही नावे ठीक आहेत, मात्र यादीत बावची असेल तर ते मिश्रण चेहऱ्यासाठी घेऊ नये. बावचीत सोरालेन असते आणि ते लागलेली त्वचा उन्हात भाजते, काळवंडते. वैद्य बावची देतात ती ठरावीक आजारासाठी आणि देखरेखीखाली.

सावधान: लिंबाचा रस घालू नये. तो अतिशय आम्ल असतो, आणि लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड आणि नंतर महिनोनमहिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडाही घालू नये. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा त्याच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतो. लिंबाने बिघडले ते सोड्याने सावरते असे नाही, दोन्हींनी मिळून जास्तच बिघडते.

कोरडे मिश्रण काचेच्या कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावे आणि बरणीवर घटक व तारीख यांची चिठ्ठी चिकटवावी. ओला चमचा आत घालू नये. तीन महिन्यांत संपेल एवढेच करावे.

६. चाचणी

हाताच्या पाठीवर दहा मिनिटे लावून पाहणे ही चाचणी नव्हे. तेथील त्वचा जाड असते, शिवाय ॲलर्जी पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उमटते. ज्या द्रवात उटणे भिजवणार त्याच द्रवात ते भिजवून कोपराच्या आतील घडीपाशी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावावे, चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ ठेवून धुवावे, आणि हे रोज एकदा, त्याच जागी, सात दिवस करावे. त्यानंतर दोन दिवस कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला लावून पाहावे.

लाली, खाज, सूज, बारीक पुळ्या यांपैकी काहीही दिसले तर थांबावे. त्वचा पूर्ववत झाल्यावर पीठ, साल आणि हळद यांची चाचणी वेगवेगळी घ्यावी, म्हणजे नेमका गुन्हेगार सापडतो. हळदीचा पिवळेपणा आणि त्वचेची लाली यांत गल्लत होऊ नये म्हणून जागा दिवसाउजेडी पाहावी. वाटीतले पातळ द्रव्य बदलले, उदाहरणार्थ दुधाऐवजी दही घेतले, तर चाचणी पुन्हा करावी.

७. लावणे

वेळ संध्याकाळची ठेवावी. सकाळी उटणे लावून लगेच उन्हात गाडी काढणे टाळावे.

हात धुवावेत, केस बांधावेत, चेहरा कोमट पाण्याने ओला करावा. दोन चमचे मिश्रण स्वच्छ वाटीत घेऊन कोरड्या त्वचेसाठी दुधात, तेलकट त्वचेसाठी साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात सरसरीत कालवावे आणि तीन मिनिटे मुरू द्यावे, म्हणजे पीठ फुगते व मऊ होते. कोरफड वापरायची असल्यास पान कापून दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे. त्यातून निथळणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो, तो धुऊन मगच आतील गर घ्यावा.

बोटांनी पातळ थर द्यावा. डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडावेत. पाच ते सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, आणि मधे थर सुकू लागला तर ओल्या हाताने थोपटावे. एप्रिल-मेमध्ये कुलरसमोर बसून उटणे लावल्यास ते दोन मिनिटांत कडक होते, हे ध्यानात ठेवून कुलर बंद करावा.

सर्वांत मोठी चूक: थर पूर्ण वाळेपर्यंत थांबणे आणि मग तो कोरडाच चोळून काढणे. चेहरा ताणला गेला म्हणजे काम झाले, असे त्यामागे गृहीत असते. प्रत्यक्षात ओढल्या जाणाऱ्या त्वचेतील ओलावा जात असतो आणि चोळण्याने वरचा थर सोलला जातो. आधी भरपूर पाणी मारून थर सैल करावा, मग तळहाताने, दाब न देता, धुऊन काढावा. त्यानंतर साबण किंवा फेसवॉश लावू नये. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते त्यांनी तर मुळीच नाही, कारण अशा पाण्यात साबणाचा चिकट थर त्वचेवर राहतो.

आठवड्यातून एकदा पुरे. तेलकट त्वचेला दोनदा चालेल. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत साल घातलेले उटणे पूर्ण बंद ठेवावे.

दिवाळीच्या अभ्यंगासाठी अंगाला लावताना आधी कोमट तीळतेल, अर्ध्या तासाने उटणे, हाच क्रम ठेवावा. तेल आणि पीठ एकत्र आले की फरशी भयंकर निसरडी होते, म्हणून पायाखाली जाडे कापड घ्यावे; आणि मोरीच्या जाळीवर फडके ठेवावे, नाहीतर पिठाचा लगदा पाइपात बसतो.

८. धुतल्यानंतर

चेहरा मऊ टॉवेलने टिपावा आणि तो किंचित ओला असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, ओलावा टिकवणारे काहीतरी लावावे. कोरड्या त्वचेला थेंबभर खोबरेल किंवा बदामाचे तेल चालते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून जानेवारीत बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी. थिजलेले तेल चेहऱ्यावर रगडू नये. मुरुमे येणाऱ्यांनी खोबरेल टाळून बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर घ्यावे. जवसाचे तेल आपल्याकडे घरोघरी असते, पण ते हवेने फार लवकर खवट होते. त्वचेसाठी ते ठेवणीत ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लावावे आणि उन्हातच असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कोणतेही घरगुती तेल, हळद किंवा चंदन त्याची जागा घेत नाही, आणि या एका बाबतीत घरगुती पर्यायाचा हट्ट मला मान्य नाही. ज्यांना सनस्क्रीन झोंबते त्यांनी झिंक ऑक्साइड असलेले पाहावे. वर दुपट्टा बांधावा, तो वेगळा.

९. बिघडले तर

आग होऊ लागली तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता गार पाण्याने धुवावे. त्यावर उतारा म्हणून दही, टूथपेस्ट, बर्फाचा खडा असे काही लावत बसू नये. पुढचे काही दिवस फक्त साधे पाणी आणि पेट्रोलियम जेली, एवढेच. घरात पडलेली खाजेची ट्यूब तर लावूच नये, कारण अशा अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असते आणि चेहऱ्याची त्वचा त्याने पातळ होत जाते.

लाली तीन दिवसांत उतरली नाही, पुळ्यांत पाणी धरले किंवा डाग काळपट होऊ लागला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नागपुरातील मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. जाताना उटण्याची बरणी, तिच्यावरच्या चिठ्ठीसह, सोबत घ्यावी.